सही त्यांची, हात माझा

गुरांची डॉक्टर व्हायला मी सोव्हिएत रशियाला निघाले तेव्हा पेणजवळच्या आमच्या गावातल्या एका आजोबांनी वडिलांना विचारलं होतं, म्हशीचं शेपूट उचलायला एवढ्या लांब कशाला जायला हवं? वडील नुसते हसले. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि माझ्या हट्टापुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. काही वर्षांनी मी पदवी घेऊन परत आले आणि पाठोपाठ तो देशच फुटला.

इथे जनावरांवर उपचार करायचे तर पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. नावाला क्रमांक मिळतो आणि तो असेल तरच दाखल्यावरची सही चालते. परदेशी पदव्यांची एक यादी असते. माझं विद्यापीठ तिच्यात होतं, पण ज्या देशाच्या नावाखाली होतं तो देश आता नव्हता. कार्यालयातल्या माणसाने फार सभ्यपणे सांगितलं, की पदवी खरी असणारच, पण आता ती कोणत्या देशाची धरायची हे ठरायला हवं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. सहा महिने म्हणजे किती, ते तेव्हा कळलं. विद्यापीठाचं पत्र आलं, त्याचं भाषांतर झालं, मग भाषांतर बरोबर असल्याचा आणखी एक कागद झाला. गावात तोवर 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' सुरू झालं होतं. शेवटी कळलं, की मूळ कागद घेऊन मुलाखतीला बोलावतील. शिवाय, माझं इथलं काम पाहिलेल्या एखाद्या नोंदणीकृत डॉक्टरचं पत्र लागेल.

म्हणून मी रोह्याला मावशीकडे राहायला गेले आणि पूल ओलांडून रोज नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका निवृत्त सरकारी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊ लागले. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाय म्हणायचे. नियमाप्रमाणे मी त्यांच्या देखरेखीखाली फक्त हाताखालचं काम करायचं होतं. पहिले दोन महिने तसं चाललंही. मग हळूहळू मी म्हशीच्या मागे आणि सर खुर्चीत, अशी वाटणी झाली. मी तपासायची, ते सही करायचे. मला हात चालवायला मिळत होता, त्यांना उठावं लागत नव्हतं, आणि मालकांचं म्हणणं एवढंच, की जनावर बरं झालं पाहिजे.

परिषदेला मी पत्ता दवाखान्याचा दिला होता, कारण आमच्या गावात टपाल पोस्टमनच्या मर्जीने यायचं. हे शहाणपण मला भोवलं.

दीडेक वर्षाने एका दुपारी सुया शोधायला मी सरांचा ड्रॉवर उघडला. लसींच्या पत्रकांखाली माझ्या नावाचं पाकीट होतं, फोडलेलं. मुलाखतीची तारीख उलटून चार महिने झाले होते.

मी तापट आहे, घरचे मला वचकून असतात. त्या दिवशी मात्र माझा आवाज चढला नाही. पाकीट मी त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी चष्मा काढला. टपाल गहाळ झालं, विसरलो, असं काहीच त्यांनी सांगितलं नाही.

"तू गेलीस तर दवाखाना बंद पडेल, बाय," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता काय कळत नाय."

"मग तसं सांगायचं."

"लाज वाटली."

मी त्यांना सांगितलं, की उद्यापासून मी फक्त दोरी धरीन. कायद्याने जेवढं चालतं तेवढंच करीन. त्यांची फजिती मला डोळ्यांनी बघायची होती, हे आज कबूल करते.

ती संधी दुसऱ्याच दिवशी आली. अष्टमीतले एक दूधवाले भाई कुवेतला भावाकडे निघाले होते आणि म्हैस विकत होते. घेणाऱ्याला ती गाभण असल्याचा दाखला हवा होता. सरांनी हातमोजा चढवला आणि हात आत घातला. अशा तपासणीत डोळ्यांचा काही उपयोग नसतो, बोटांना कळेल तेवढंच खरं. ते चाचपत राहिले. कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दोरीकडे पाहत राहिले. वाटेल ते लिहून ते मोकळे झाले असते, कुणाला कळणार होतं? मला वाटलं, तेच करतील.

त्यांनी हात बाहेर काढला, साबणाने कोपरापर्यंत धुतला.

"भाई, मला कळत नाय," ते म्हणाले. "गेलं वर्षभर तुमची जनावरं हिनेच तपासली. मी निस्ती सही केली."

"आमाला ठाव हाय, डॉक्टरसाब," भाई शांतपणे म्हणाले. "सगळ्या अष्टमीला ठाव हाय."

मी म्हैस तपासली. गाभण होती, तीन महिन्यांची. पण सरांनी दाखला लिहिला नाही. घेणाऱ्याला सरकारी दवाखान्याची वाट दाखवली.

त्याच आठवड्यात ते माझ्याबरोबर परिषदेच्या कार्यालयात आले. मला नवी तारीख मिळाली. सरांनी माझ्या कामाचं पत्र पुढे केलं. ते वाचून तिथले अधिकारी आवाज खाली आणून म्हणाले, की यात तुम्ही न तपासता सह्या केल्याचं लिहिलंय, हे तुमच्याच अंगाशी येईल. 'माझ्या देखरेखीखाली' एवढं लिहा, बाईंचं काम होईल.

"देखरेख डोळ्यांनी होते, साहेब," सर म्हणाले. "म्हशीच्या पोटातलं मला दिसत नाय."

आणि त्यांनी दुसरा कागद काढला. नोंदवहीतून आपलं नाव कमी करावं, असा अर्ज होता. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. मी तो मागे घ्या म्हणाले, दोनदा म्हणाले.

"चार महिने मी तुझे खाल्ले, बाय," ते म्हणाले. "ते काय परत देता येत नाय."

पावसाळ्याच्या तोंडावर मला क्रमांक मिळाला आणि सरांचा रद्द झाला. मी पेणला दवाखाना काढला. वडिलांना तेच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर गावाला दाखवून द्यायचा माझा हट्टही होता. अष्टमीचा दवाखाना बंद पडला, सरांनी म्हटलं होतं तसाच. निघायच्या दिवशी त्यांनी कात्र्या-चिमटे एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले आणि पुलापर्यंत सोडायला आले. त्यांनी एकदा जरी थांब म्हटलं असतं तरी मी तिथे राहिले असते. सगळा पूल मी सावकाश चालले, ते हाक मारतील म्हणून.