रहाटाच्या दगडावरचा पेला

प्रिय निखिल, अदिती,

घरच्या विहिरीच्या पाण्यात क्लोरिन तपासायची पट्टी बुडवून तुम्ही दोघं तिचा रंग बघताय, तो फोटो मिळाला. पाहून एक जुनी दुपार आठवली, म्हणून आजच लिहिते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही... पण हे माझ्यासमोर घडलं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याला मॅट्रिक होऊन घरी होते. माझे वडील, अप्पा, सॅनिटरी इन्स्पेक्टर. वडूजकडे पटकीची साथ होती. अप्पांना फिकट रंग ओळखू येत नसत, म्हणून ते मला सोबत नेत. विहिरीत ब्लीचिंग पावडर कालवून सोडायची, थोड्या वेळाने पाणी काढून पांढऱ्या कपात औषधाचे थेंब टाकायचे. निळं झालं तर क्लोरिन शिल्लक आहे, पाणी प्यायला चांगलं. पांढरं राहिलं तर नाही. मग अप्पा सगळ्यांदेखत तेच पाणी पीत, तेव्हा कुठे लोक घागरी भरत. नाहीतर वास येतो म्हणून ओढ्यावर जात, आणि साथ ओढ्यामुळेच पसरत होती.

एका गावात रहाटाजवळच्या दगडाला खळगा होता. पाणी भरणारी प्रत्येक बाई त्यात पहिली ओंजळ आसरांसाठी, म्हणजे पाण्यातल्या देवतांसाठी, सोडायची. ते पाणी परत विहिरीत झिरपतं म्हणून अप्पांनी ती रीत बंद केली, आणि भर दुपारी पावडर सोडलेल्या विहिरीतून काढलेल्या बादलीतून भरलेला आपला पितळी पेला त्याच खळग्यात ठेवला.

"आवं सायेब, ती जागा मोकळी ठिवा," कोंडाबाई नावाची म्हातारी म्हणाली. "ती आसरांची हाय."

"मग त्यांनाही पावडरीचं पाजू. पटकी काय त्यांना सोडणार आहे?"

सगळे हसले. कोंडाबाई तेवढी हसली नाही.

बादलीतलं पाणी कपात निळं झालं. मी वळले, तर पेला अर्धा! जवळ कुणी नव्हतं. खालचा दगड कोरडा. पेल्यातलं थोडं पाणी दुसऱ्या कपात घेऊन थेंब टाकले... पांढरं. पुन्हा टाकले. पांढरंच. पाणी त्याच बादलीतलं! आणि मी बघत असतानाच पेल्यातलं पाणी आणखी खाली उतरलं — कुणी सावकाश पीत असावं तसं.

तेवढ्यात अप्पांनी पेला उचलला. सगळं गाव बघत होतं. लोकांना कळू नये म्हणून मी इंग्रजीत पुटपुटले, "डोन्ट ड्रिंक, अप्पा. इट्स व्हाइट."

त्यांचा हात थांबला. न प्यावं तर लोक ओढ्यावर जाणार. प्यावं तर...

कोंडाबाईने पेला सरळ त्यांच्या हातातून काढून खळग्यात उपडा केला. "पैलं त्यांचं. आता तुमी प्या की!"

पेला पुन्हा बादलीतूनच भरला. या वेळी त्यातलं पाणी कपात निळं झालं. अप्पा प्यायले. पेल्यावर त्यांचे दात वाजलेले मी ऐकले. मग घागरी पुढे आल्या. ओढ्याकडे कुणी गेलं नाही.

परतताना अप्पा एवढंच म्हणाले, "खळग्यातल्या पाण्याला विहिरीपासून दूर वाट काढून द्यायला सांगितलंय. रीत चालू राहू दे."

पुढे सांगलीत रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारलं. घाण असली की क्लोरिन संपतो, म्हणाले. पाणी कुठे गेलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

ती विहीर आता बुजवली आहे. पेला माझ्याकडे आहे. त्याच्या काठाला बाहेरून ओठांएवढा हिरवा डाग आहे. चिंचेने कितीही घासला तरी जात नाही.