शूटिंगच्या दिवशी अनुसयेची चूल

लामता गावच्या मालगुजाराचा बाडा शूटिंगले भाड्यानं गेला तवा सारं गाव नाचलं. एक अनुसया तेवढी नाचली नाही. मुंबईवाल्यांच्या जीपा आल्या तं ती बाड्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी, अन् कोणी रामराम घातला तरी बोलाले तयार नाही.

मी जिजा, तिची शेजारीण. जे सांगून राह्यली ते माह्या डोळ्यानं पाह्यलेलं आहे, कोणी खोटं म्हणलं तं माह्याशी गाठ.

अनुसयेचा नवरा पुनाराम बाड्याचा राखणदार होता. चोरांच्या लाठ्या खाऊन बाड्यापायीच मेला. तवा जुने मालगुजार बंडोपंत पंचांसमोर बोलले का परसातल्या दोन खोल्या अनुसयेच्या, जोवर तिची चूल जिती आहे तोवर तिले कोणी उठवू नये. कागद नाही, शिक्का नाही. आमच्या इकडं तवा चूल हाच कागद होता. राख थंडी झाली म्हणजे माणूस घर सोडून गेला, असं पंच धरत. विस्तव गोरशीत, म्हणजे मातीच्या शेगडीत, काढून ठेवला तं मात्र चूल जितीच.

बस, तवापासून त्या बाईनं बाहेर मुक्काम केला नाही. तिची लेक पुष्पलता भरवेलीले दिलेली, जावई मॅंगनीजच्या खाणीत. लेकीचं पह्यलं बाळंतपण झालं, अनुसया गेली नाही. नातू चालाले लागला, तरी तिनं त्याचं तोंड पाह्यलं नव्हतं. मी म्हणलं, बाई, तुह्या चुलीत दोन गवऱ्या मी घालीन, तू जाऊन ये. तिनं माह्याकडं असं पाह्यलं, जशी मीच तिच्या खोल्या गिळून बसीन. लय राग आला मले. एका विहिरीचं पाणी पितो आम्ही, अन् माह्यावर भरवसा नाही!

पण खरं सांगू का, तिचा शक अगदीच वाया नव्हता. बंडोपंत वारले, त्यांचा पोरगा गुणाकर नागपूरले राहे. बाडा भाड्यानं द्याचं त्यानंच ठरवलं. अन् त्या पायी गावात आला तं अनुसयेले मावशी म्हणाले लागला. ज्या तोंडातून जनमभर "ए अनुसये" निंघे, त्यातून मावशी निंघाली का समजून घ्याव. वरून नवं लुगडं आणलं. अनुसयेनं ते उलटंपालटं करून पाह्यलं अन् पेटीत टाकून दिलं, अंगाले लावलं नाही.

शक तं साऱ्या गावालेच आला होता म्हणा. सिनेमावाले फीता घेऊन ओसरी, खांब, अंगण मोजून राह्यले, तं लोक म्हणत का हे जादा जमीन काढून घेणारे सिलिंगवाले साहेब आहेत, वेष बदलून आले. पंचांतले थोरले महागू पाटील तं आठ दिवस वावराकडं फिरकले नाही, कोणी विचारलं तं म्हणत, कोणतं वावर, मले वावरच नाही.

मंग त्या लोकांनी काय करावं? अनुसयेनं सारवून आरशासारखं ठेवलेलं अंगण, त्यात पोतेभर सुका पालापाचोळा ओतला. खांबाले खोटी जाळी लावली. त्यांच्या सिनेमात म्हणे ती ओसाड हवेली होती, वर्षानुवर्षं तिथं कोणी राहत नाही. सकाळी उठून पाहतात तं सारं अंगण झाडून साफ, वरून सडाही टाकलेला. मैनेजर डोकं धरून बसला. मी हसून हसून बेजार.

मंग सिनेमाचे बडे साहेब आले. अम्मा, कल चूल्हा मत जलाना, म्हणे, सूनी हवेली से धुआँ कैसे निकलेगा. गुणाकरही हात जोडून उभा. अनुसयेनं साहेबाकडं पाह्यलंच नाही. गुणाकरले म्हणे, "साहेबाले धूर नको, हे मले समजलं. तुमाले काय नको, ते सांगा."

तो हसला नुसता.

दुसऱ्या दिवशी तिनं चूल रिकामी केली, पोतेरा फिरवला अन् निखारे गोरशीत घालून गोठ्यामागं भिंतीआड ठेवले, वरून गवरी अन् राख. आम्ही सारे समोर, हिरोईन पाहाले. दुपारी पाहतो तं गुणाकर महागू पाटलाले अन् आणखी एका पंचाले घेऊन परसात. चुलीत हात घालून दाखवला. चूल थंडीगार. अनुसया म्हणे, विस्तव गोरशीत आहे, चला. गेले, तं गोरशीत काळं पाणी. कोणीतरी घागर ओतली होती. कोणी, ते कोणी पाह्यलं नाही. मले विचाराल तं गुणाकराचा डायव्हर तिकडून धोतर झटकत येताना दिसला होता, पण दिसला म्हणजे पाह्यलं असं थोडंच होते.

"मावशी, बाबांचा शब्द चुलीपुरताच होता," गुणाकर म्हणे. किती गोड बोलला मेला!

महागू पाटील खाली मान घालून म्हणाले का जळत होतं याचा कोणी साक्षी आणा, नाहीतं शब्द सुटला. साक्षी कुठून आणाव? अख्खं गाव हिरोईनकडं पाहून राह्यलं होतं. खोल्या सोडाले धान कापणीपर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी अनुसया पह्यल्यांदा माह्यापुढं रडली. "पुनारामानं जीव देला, जिजे, अन् मले राखेनं हाकललं," म्हणे. माह्या काळजाले घरं पडली.

कापणी तोंडावर आली अन् तो सिनेमा बालाघाटले लागला. गुणाकराले आपल्या बाड्याचा केवढा तोरा! पंचांले, आम्हाले, साऱ्यांले स्वतःच्या खर्चानं छोट्या लाईनच्या गाडीत घालून नेलं. अनुसया आली नाही. चूल होती ना.

पडद्यावर बाडा आला तशा शिट्ट्या. त्याच दिवशीचा सीन, हिरो अंगणात येते, पालापाचोळा तुडवते अन् म्हणते का बरसों से यहाँ कोई नहीं रहता. अन् त्याच्या डोक्यावर, कवेलूंच्या छपरामागं, गोठ्याच्या अंगानं धूर वर चढून राह्यला. बारीक, पण सरळ. त्या कॅमेरावाल्याले दिसला नसन, का दिसला अन् आवडला, देव जाणे.

महागू पाटील खुर्चीतून उठले. मागचे लोक बसा बसा ओरडले, ते बसले नाही. हात लांबवून म्हणाले, "गुणाकरराव, हा धूर कोणाच्या चुलीचा आहे?"

इंटरवलनंतर गुणाकराची खुर्ची रिकामी होती.

गावात येऊन पंचांनी अनुसयेच्या दारात जाऊन सांगितलं का तिची चूल जिती होती, शब्द कायम आहे. तिनं ऐकलं, बसाले सांगितलं, चहा पाजला. मले वाटलं आता तरी हसन. ती उठली, पेटीतून लुगडं काढलं, ते गुणाकराचंच, अन् नेसली. मंग माह्याकडं आली.

"मले भरवेलीले जा लागते. नातू पाहाचा आहे," म्हणे. "विझली तं विझली, जिजे. पेटवून घेजो."

मी काही विझू दिली नाही. बाई परत आली का आधी राखेत हात घालन, हे मले पक्कं ठाऊक होतं. अन् तिनं घातलाच.