काकांचा पारा

भोपाळच्या पिपलानीत थंडी कधी पडणार हे आभाळाच्या आधी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या दंडाला कळायचं. कारखान्यात त्यांचा जन्म बॉयलरचा दाब तपासण्यात गेला. रिटायर झाल्यावर बॉयलर सुटला, मग तपासायला स्वतःच उरले. पाऱ्याचं जुनं यंत्र, दंडाला पट्टा, मुठीत रबरी फुगा. रक्ताचा दाब थंडीत चढतो, उन्हाळ्यात उतरतो, हे डॉक्टरही सांगत आणि गोळी त्याप्रमाणे कमी-जास्त करत. पण काकांना ते दुखणं वाटतच नसे. म्हणायचे, "मोठा तलाव भरतो, आटतो. तो काय आजारी असतो?"

घोळ व्हायचा शब्दाचा. गच्चीवर कुणी पेपर वाचून म्हणालं, "काका, पारा उतरला," की ते उसळायचे, "क्या बात करते हो! चांगला चढलाय!" हवेचा पारा उतरतो तेव्हाच आपला चढतो, हे पटवण्यात दुपार जायची आणि उन्हामागे खुर्च्या सरकत राहायच्या. मी खालच्या घरातली नवी सून, लाजाळू; काका यंत्र घेऊन दाराशी आले की पडद्याआडून नुसता हात बाहेर काढायची. पट्टा सोडता सोडता काका म्हणायचे, "सूनबाई, तुझं रक्त अजून कार्तिकातच आहे गं," आणि समाधानानं जिना चढायचे.

काकू गेल्यापासून चेन्नईचा मुलगा त्यांना न्यायला यायचा. काकांना भोपाळ सोडायचं नव्हतं. तो थंडीत आला की, "चढलाय रे, प्रवास नको." उन्हाळ्यात आला की, "उतरलाय, गाडीत चक्कर येईल." पण मुलगाही त्यांच्याच रक्ताचा. एकदा तो ऐन फाल्गुनात आला, धड थंडी नाही, धड ऊन नाही. म्हणाला, "बाबा, लावा पट्टा." पारा शहाण्यासारखा मधोमध थांबला. आकडा काकांनाच दिसत होता, काहीही सांगता आलं असतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग पट्टा गुंडाळत म्हणाले, "बरोबर आहे. चल."

यंदा पौषात त्यांचा फोन आला. "सूनबाई, इथे थंडीच नाही गं. दाब जागचा हलत नाही. डॉक्टर खूश, मुलगा खूश. तिकडे पारा उतरला का?"

बाहेर धुकं जिन्यापर्यंत आलं होतं. "उतरला, काका."

काका लगेच म्हणाले, "मग माझा तिकडेच चढला असेल. बघ जरा."

फोन ठेवून मी उगीचच वर गेले. दाराचं कुलूप थंडगार होतं. नाडी बघावी तसा मी त्यावर हात ठेवला.