दोनदा परत आलेलं पुस्तक भीमेपलीकडे सोडून आलो

दौंडच्या माणसाला प्रवासाचं फारसं कौतुक नसतं. दक्षिणेच्या, उत्तरेच्या गाड्या आमच्या उशाशी शिट्ट्या मारत जातात. मी स्वतः उभी हयात तिकीट खिडकीच्या आत बसून काढली. लोकांना कुठल्या कुठल्या गावांची तिकिटं फाडून दिली आणि आपण संध्याकाळी पिशवीत मेथीची जुडी घालून घरी आलो. त्यामुळे गेल्या महिन्यात मी यवत आणि तिथून वडगाव रासाई असा दोन दिवसांचा प्रवास ठरवला, तेव्हा सुनेनं विचारलं, "बाबा, तिकडं काय बघायला आहे?" बघायला नाही, मी सोडायला चाललो होतो. एक पुस्तक.

पुस्तकाची हकिकत आधी सांगतो. शाळेत आम्हाला एका नावाड्याची कविता होती. दिवसभर तो माणसं पैलतीरी पोचवतो. लग्नाला निघालेली पोचवतो, बाजाराची पोचवतो, रुसून माहेरी निघालेलीही पोचवतो. संध्याकाळी शेवटचा उतारू उतरून जातो आणि नावाडी पाण्याकडे बघत एकटा उरतो. संपली कविता. आमचे गुरुजी ती इतक्या संथ चालीत म्हणायचे की खिडकीबाहेरचं लिंबाचं झाडसुद्धा डोलायचं थांबायचं. ती कविता मला तेव्हापासून पाठ आहे. पुढं कधीतरी पुण्यात फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक बारका कवितासंग्रह हाती आला, उघडला तर आत नावाडी! पहिली पानं फाटलेली, त्यामुळे कवीचं नाव नाही. शाळेच्या पुस्तकात कवितेखाली नाव होतं म्हणे, पण ते काही केल्या आठवत नाही. कविता अक्षरन् अक्षर पाठ आणि कवी विसरलेला, असा मी कृतघ्न वाचक.

आता वय झालं. नातू म्हणतो, आजोबा, फोटो काढून ठेवू. ठेव बाबा. पण फोनमधल्या कवितेला ओठ नसतात. माझ्यामागं ही कविता कुणाच्या तरी तोंडी राहावी, एवढीच इच्छा उरली होती.

आमच्या भागात तीन पुस्तककट्टे चालतात. एक दौंडला, एक यवतला आणि एक नदीपलीकडे शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईला. सध्या वाचत असलेलं पुस्तक घेऊन यायचं, त्याबद्दल काय वाटतं ते बोलायचं आणि शेवटी पुस्तक उंच धरून विचारायचं, "कुणाला हवंय?" हात वर झाला तर पुस्तक त्याच्याबरोबर जातं. नाही झाला तर आणणाऱ्यानं मुकाट्यानं पिशवीत घालून घरी न्यायचं. आणि तिन्ही कट्ट्यांवरून परत आलेलं पुस्तक पुन्हा आणायचं नाही, असा कडक नियम आहे. नियम नसता तर आमच्या दौंडच्या एका गृहस्थांनी स्वतःचंच आत्मचरित्र दर महिन्याला आणलं असतं.

दौंडला मी पहिल्यांदा हे पुस्तक नेलं आणि घात केला. कवितेचा अर्थ सांगत बसलो. कवीला येथे काय सुचवायचे आहे, नदी कशाचे प्रतीक आहे, मध्यवर्ती कल्पना कोणती. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काका, हे किती मार्कांना आहे?" सगळे हसले, मीही हसलो, आणि पुस्तक परत आलं.

म्हणून मग यवत.

शनिवारी दुपारची डेमू धरली. पुण्याकडे जाणारी ही गाडी फारशी कुणाच्या नजरेत भरत नाही, पण या पट्ट्यात हिंडायचं तर हिच्यासारखं स्वस्त आणि निवांत वाहन नाही. खिडकी डाव्या हाताची धरू नका, ऊन येतं. पाटस, कडेठाण, केडगाव करत यवतला उतरलो. स्टेशनपासून गाव जरा लांब आहे, रिक्षा मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा. कट्टा हायवेलगतच्या एका हॉटेलच्या मागच्या पत्र्याखाली भरतो. मिसळ उत्तम. रस्सा मागाल तेवढा देतात, आणि एकदा तिखट म्हटलंत की मग तुमचं तुम्ही बघा.

दौंडचा धडा घेऊन इथं मी अर्थ सांगितलाच नाही. सरळ चालीत कविता म्हटली. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत माझा नावाडी. शेवटचं कडवं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. एक जण म्हणाला आवाज अजून टिकून आहे, दुसऱ्यानं गळ्याला काय घेता विचारलं. मी पुस्तक उंच धरलं. "कुणाला हवंय?" सगळे चहाच्या कपात बघायला लागले. एक बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही म्हटलीत की सगळी. आता वाचायला काय उरलं?"

खरंच होतं ते. मिसळीपेक्षा तेच जास्त झोंबलं.

मुक्काम केडगावला होता, दाविद साळवेकडे. दाविद माझा नोकरीतला सोबती. मी खिडकीत, तो पार्सलला. आता मिशनजवळच्या घरात राहतो, रविवारी प्रार्थनेला पेटी वाजवतो आणि उरलेला वेळ रहस्यकथा वाचतो. त्याची खोड अशी की तो पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतो. "खुनी कोण ते कळलं की मग निवांत वाचता येतं," असं त्याचं म्हणणं. मी यवतची कथा सांगितली तर म्हणाला, "तुझी कविता म्हणजे आपली जुनी गाडी झालीय. कधी सुटते, कुठं थांबते, सगळ्यांना माहीत. कोण बसणार?"

रविवारी प्रार्थना उरकल्यावर त्याच्या स्कूटरवर निघालो. केडगावातून उत्तरेला, पारगावच्या अंगानं भीमा ओलांडायची. वाटेत गुऱ्हाळं लागतात, तिथं थांबा. ताज्या गुळाची काकवी भाकरीशी खाल्ली नसेल तर या भागात येऊन तुम्ही काहीच केलं नाहीत. दोन्ही अंगांना ऊस आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. या दिवसांत दुचाकीवर असाल तर ट्रॉलीच्या मागं मागं राहू नका, वरून ऊस घसरतो आणि ड्रायव्हरला गाण्यांच्या आवाजात तुमचा हॉर्न ऐकू जात नाही.

पुलाशी अशाच एका ट्रॉलीनं वाट अडवली होती. दाविदनं स्कूटर बाजूला घेतली. खाली भीमा संथ, पलीकडे काठाला एक होडी बांधलेली. मला राहवलं नाही. पिशवीतून पुस्तक काढलं, नावाड्याचं पान उघडलं आणि नदीकडे बघत नेहमीसारखी कविता म्हटली, डोळे अर्धे मिटून. शेवटचा उतारू उतरला, नावाडी एकटा उरला. तेवढ्यात वाऱ्यानं पान उलटलं.

मागच्या पानावर वरच्या बाजूला एक ओळ होती. नावाड्यानं होडी पुन्हा वळवली, असं काहीतरी. खाली आणखी ओळी होत्या. वर कवितेचं नाव नव्हतं.

एवढ्यात ट्रॉली हलली, दाविद ओरडला, "बस लवकर, मागं रांग लागलीय," आणि मी पुस्तक मिटून त्याच्या मागं बसलो. स्कूटर पूल उतरून शिरूर तालुक्यात शिरली तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती दुसरी कविता नव्हती. शाळेच्या पुस्तकात मावावी म्हणून कविता कापलेली होती! आणि मी, इतकी वर्षं पुस्तक जवळ असून, पान कधी उलटलंच नव्हतं. पाठ असलेली कविता कोण वाचतो?

वडगाव रासाईला पोचायला उशीर झाला. कट्टा विहाराच्या सभागृहात भरतो. सतरंजी, भिंतीवर बाबासाहेब, कोपऱ्यात उकडलेल्या शेंगांचं पातेलं. बैठक सुरू होती. चालवतात त्या सुशीलाताई गायकवाड, निवृत्त नर्स. आवाज असा, की इंजेक्शन न देताही माणूस सरळ बसतो. या कट्ट्याचा आणखी एक नियम आहे, तो मला तिथं गेल्यावर कळला. इथं अर्ध्या पुस्तकावरच बोलायचं. पुस्तकात घातलेली खूण आधी दाखवायची आणि खुणेच्या पुढचं एक अक्षर काढायचं नाही. पूर्वी कुणीतरी एका कादंबरीचा शेवट फोडला, आणि ती वाचायला टपून बसलेल्या मंडळींनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणे.

हणमंतआप्पा बोलत होते. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, खूण म्हणून उसाचं पाचट. त्यांचं मत असं, की लेखक लढाईपेक्षा तंबूचं वर्णन जास्त करतो. "दिवाळीपासनं वाचतोय. घोडं अजून खिंडीतच हाय." त्यांच्यानंतर रेश्मा. रांजणगावच्या कंपनीत कामाला जाते. यशस्वी कसं व्हावं असं एक पुस्तक तिनं आणलं होतं. लेखक पहाटे उठायला सांगतो, पण थर्ड शिफ्ट करून आलेल्यानं पहाटे उठायचं की झोपायचं ते लिहीत नाही, असं तिनं सांगितलं आणि पुस्तक खाली ठेवलं. दाविदनं रहस्यकथा काढली, तर ताईंनी त्याची ख्याती ऐकून त्याला शपथच घातली. तो बिचारा नायकाच्या टोपीविषयीच बोलला.

मग मी. मी म्हटलं, कवितेचं पुस्तक आहे, त्यातली एक मला शाळेपासून पाठ आहे.

"पाठ हाय म्हंजी वाचून झालंय," सुशीलाताई म्हणाल्या. "झालेल्या पुस्तकावर इथं बोलत न्हाईत, आबा. बसा, शेंगा खावा."

तिसरा कट्टा. शेवटचा. मी शेंगांकडे बघितलं. आणि मग, का कोण जाणे, मला हसू आलं. म्हणालो, "ताई, मलाही वाटत होतं वाचून झालंय. पण मगाशी पुलावर कळलं, की माझी ही कविता अर्धीच वाचून झालीय." डेमूचं तिकीट खिशात होतं, ते त्या पानात घातलं आणि पुस्तक उंच करून खूण दाखवली. पुलावरची सगळी हकिकत सांगितली. चाल लावली नाही, अर्थ सांगितला नाही. दिवसभर माणसं पोचवणारा नावाडी सांगितला, शेवटचा उतारू सांगितला, आणि म्हणालो, "इथवर मी आयुष्यभर रडवेल्या आवाजात म्हणत आलो. पानामागं पहिलीच ओळ आहे, त्यानं होडी वळवली. पुढं काय, मला ठाऊक नाही."

मग आप्पांनी शेंग सोलता सोलता मत दिलं. "घरला चालला आसंल. घर ह्या काठाला, लोकं त्या काठाला. त्यात काय?"

"रिकामी होडी घरी कोण नेतं, आप्पा? सकाळच्या ट्रिपला परत यावं लागंल ना त्याला," रेश्मा म्हणाली. "फर्स्ट शिफ्टची माणसं आल्याड उभी असतील. म्हणून वळवली."

सुशीलाताईंना दोन्ही पटलं नाही. "कुणीतरी हाक मारली आसंल. माझ्या ड्युटीत आसंच व्हायचं. आता संपलं म्हणून पिशवी उचलली, की दारात कुणीतरी उभं."

"म्हंजी तो दमलाय आन् तुम्ही त्याला आणखी वल्हवायला लावताय," आप्पा म्हणाले.

"मी न्हाई लावत, कवी लावतोय."

बघता बघता कविता माझ्या हातातून सुटली आणि सतरंजीभर झाली. कुणी म्हणे तो आनंदात आहे, कुणी म्हणे नाही. दाविदनं हळूच हात लांबवला, "मी नुसती शेवटची ओळ बघतो," तर अख्खी बैठक त्याच्यावर धावली. पुढं वाचायला खुद्द मलाही परवानगी नव्हती. खुणेपुढं अक्षर नाही म्हणजे नाही!

शेवटी मी पुस्तक उंच धरलं. "कुणाला हवंय?"

हात किती वर आले ते मी मोजले नाहीत. डोळे भरल्यावर मोजता येत नाही. आप्पांनी तर घोडं खिंडीत सोडून हात वर केला. सुशीलाताईंनी निकाल दिला, की रेश्माला उद्या सुट्टी आहे, आधी तिला, मग आप्पांना, मग क्रमानं. "आन् साळवे, तुम्हाला सगळ्यात शेवटी."

रेश्मानं पुस्तक घेताना विचारलं, "आबा, देण्याआधी तेवढं पान वाचून घ्या की. तुमचंच हाय."

मी पानाकडे बघितलं. खूण तशीच ठेवली आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या रस्त्यानं परतलो, मांडवगणकडून इनामगावला वळसा घालून. घोड नदीकाठची ती जुनी वस्तीची जागा बघायची असेल तर बोर्ड शोधू नका, गावात विचारा. हजारो वर्षांपूर्वी तिथं माणसं राहत होती. आता बघायला माती आणि बोरीबाभळी, पण उभं राहून यावं. दाविद म्हणाला इथं काहीच नाही. मी म्हटलं, पान उलट. त्यावर त्यानं स्कूटरला किक मारली, ती थेट दौंडलाच थांबवली.

घरी आलो तर सुनेनं पिशवी हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, हलकी कशी?" ती हलकी पिशवी घेऊन मी घरभर असा मिरवलो, की नातवानं विचारलं, काय जिंकून आलात? काय सांगू त्याला! थोडी काकवी आणली होती, ती दोन दिवसांत संपली. अंगात मुरलेला स्कूटरचा ठणका आठवडाभर होता, तोही गेला. राहिली ती एक ओळ. सकाळी फुलझाडांना पाणी घालताना कविता म्हणतो, नावाडी एकटा उरतो, होडी वळवतो, आणि मी थांबतो. पाठ नसलेली कविता घरात असणं किती तजेल्याचं असतं, ते या वयात कळलं.

परतल्यावर चौथ्या दिवशी रेश्माचा फोन आला होता. नाक ओढत होती, आणि हसतही होती.

"आबा, वाचली. आम्ही तिघंही चुकलो. शेवट सांगू का?"

"खबरदार," मी म्हणालो. "खुणेच्या पुढचं बोलायचं नाही. आप्पांना पुस्तक दे आणि त्या पुढच्या ओळी पाठ करून ठेव. पुढच्या कट्ट्याला मी येतोय, ऐकायला."