मामांचा तळहात

दानियलमामांच्या अंत्यविधीला मी चर्चचं दार अडवून उभा राहिलो. मुद्दाम नाही. देऊळगाव राजाहून निघायला नेहमीसारखा उशीर झाला, बुलढाण्यात पोचलो तेव्हा आत प्रार्थना सुरू होती, आणि माझे पाय उंबरठ्यावर आपोआप थांबले. 'आमेन' झालं, गीत सुरू झालं, तरी मी उभाच. मागे बायको, तिच्या मागे हार घेतलेले चार पाहुणे. त्यांतला एक म्हातारा शेवटी करवादला, "काऊन थांबला बे? चाल ना आत!" तेव्हा मला कळलं, मी मामांच्या हाताची वाट बघत होतो... आणि मामा समोर पेटीत होते.

मामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. आठवडाभर कोर्टात शिपाई आणि रविवारी चर्चच्या दाराशी उभे. निवृत्त झाल्यावर कोर्ट सुटलं, दार सुटलं नाही. प्रार्थना चालू असताना कुणी आलं की त्यांचा तळहात वर. 'आमेन' झालं की तोच हात आत वळायचा, या म्हणून. साहेब असो की हमाल, सगळ्यांना सारखंच. आमचं मूळ चर्च तेच, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा पेला घ्यायला, मी जायचो, आणि दर वेळी तो तळहात बघायचो. "देवाच्या घरी येऊन राह्यला का बस पकडाले?" मामा हळूच विचारायचे.

मग त्याच चर्चमध्ये माझ्या मुलीचं लग्न आलं. ऐन वचनं देण्याच्या वेळी व्हिडिओवाला वेदीच्या पायरीवर चढू लागला. मामा दारातून पुढे आले, हात वर. मी व्हिडिओवाल्याला खूण केली, चढ. मामा हलेनात. सगळे बघायला लागले आणि मी, नवरीचा बाप, फेटा सावरत म्हणालो, "मामा, हे कोर्ट नाही, आन् तुमी आता शिपाई नाही."

मामा बाजूला झाले. व्हिडिओ उत्तम आलाय म्हणतात. मी तो अजून पुरता पाहिलेला नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचं सांगितलं, मनात कुणाविषयी काही असेल तर आधी मिटवा, मग मेजाशी या. मी खाली बघत पेला घेतला. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी ताट मामांपुढे धरलं. मामांनी तळहात वर केला... या वेळी स्वतःलाच थांबवायला.  त्याचं कारण मला माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यानंतर दर पहिल्या रविवारी माझी बस चुकायला लागली.

शेवटी मामींचा फोन आला. "डाक्टरनं हात टेकले. दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरीच येऊन राह्यले. पण हे म्हणतात, भाच्याले बोलवा, नाही तर मी घेत नाही."

चिखलीच्या स्टँडवर बस पाऊण तास हलली नाही. मी दोनदा खाली उतरलो, दोनदा चढलो. त्यानं बस सुटत नसते. मामांच्या घरी पोचलो तर प्रार्थना सुरू झालेली. चपला काढून तसाच आत घुसणार, तेवढ्यात चादरीवरून तळहात वर आला. डोळे मिटलेलेच. माझी पावलं त्यांना ओळखू आली असणार.

मी दारात थांबलो.  पाळकसाहेबांची प्रार्थना काही संपेना, आणि मला एकच भीती... 'आमेन'च्या आधी तो हात खाली पडला तर?

'आमेन' झालं. हात आत वळला.

"मामा, चुकलं माझं."

"माह्याबी मनात राग होता रे. तो घेऊन मेजापाशी कसा बसू?" मग पेला घेतला, ओठ पुसले. "उशिराच आला पण."

त्यानंतर चार दिवसांनी अंत्यविधी. माती देऊन परतीच्या बसमध्ये बसलो. चिखली आली. बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून दारात तुमीच उभे राहत जा. त्यासाठी तरी टायमावर जाल."