लेकीची धाप

मोरिवलीत कुणाला धाप लागली की आम्ही गावालगतच्या केमिकल कंपनीच्या धुराला शिव्या देतो. लेकीला लागली तेव्हाही तेच केलं आणि वाफ देत बसले. तिचे डोळे मिटायला लागले तेव्हा उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी मनगटातून रक्त घेतलं. रिपोर्ट वाचतानाही त्यांचं बोट टोचलेल्या जागी दाबलेलंच होतं.

"ताई, आज कंपनीला माफ करा. फुप्फुसं चांगली आहेत. हिला डायबेटिस आहे. रक्तात आम्ल वाढलंय, ते बाहेर टाकायला पोरगी जोरात श्वास घेतेय."

इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लेक भूक लागली म्हणाली. मी डॉक्टरबाईंना हात जोडले.

"मला कशाला? आम्ही भेटेपर्यंत तीच लढत होती," त्या हसून म्हणाल्या.

नाव विचारायचं धाडस झालं नाही. देवापुढे मी 'त्या डॉक्टरबाई' एवढंच म्हणते.