छप्पन्न मुलींचे एकच आजोबा

आमच्या मोठ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुणावर पूर्ण विश्वास टाकला असेल, तर तो माणूस मला तरी भेटलेला नाही. माझ्यावर तर त्यांचा नव्हताच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. मी त्या घरचा धाकटा जावई म्हणून दाखल झालो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "घाटकोपरला राहता म्हणता. स्टेशनपासून चालत किती मिनिटं?" मी सहज म्हणालो, "दहा." पुढच्या रविवारी ते घाटकोपरला उतरून, घड्याळ लावून आमच्या दारापर्यंत चालत आले, उंबऱ्यात उभं राहून घाम पुसला आणि म्हणाले, "चौदा." त्यानंतर मी सांगितलेल्या प्रत्येक आकड्यात ते मनातल्या मनात चार मिळवत असावेत, असा मला दाट संशय आहे.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. मुलुंडच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दिवसाचे आठ तास समोर येणारा प्रत्येक बोल्ट वाकडा असणार असं धरून चालायचं आणि तो सरळ निघालाच तर नाइलाजाने पुढे सोडायचा, हा ज्याचा धंदा, तो घरी येऊन भोळा कसा होणार? खात्यातली लाल-निळी पेन्सिल कायम त्यांच्या खिशाला असे. लाल गोल म्हणजे माल नापास, निळी टिक म्हणजे पास. त्या पेन्सिलीचं लाल टोक झिजून बोथट झालेलं असायचं आणि निळं टोक दुकानातून आणलं तसं टोकदार. विजेचं बिल, पंचांग, लग्नपत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, सगळ्यांवर लाल गोल. दूधवाल्या भय्याच्या किटलीत ते रोज लॅक्टोमीटर बुडवून बघत. एकदा तो त्यांनी सासूबाईंच्या हातच्या ताकातही बुडवला. सासूबाई त्यानंतर दोन महिने मुलुंडला फिरकल्या नाहीत. देवळात प्रसाद हातावर घेऊन पुजाऱ्याला "आजचाच ना?" असं विचारणारा दुसरा भाविक मी पाहिलेला नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या ताईंचं, सारं आयुष्य या लाल गोलांना वळसे घालण्यात गेलं.

अशा माणसाने मुलांची शाळा इतकी वर्षं बिनतपासणीची राहू दिली हेच नवल. मुलगी शुभदा नववीत होती, तिच्यामागचा उदय आठवीत. सहामाहीनंतरच्या एका रविवारी शुभदाची निबंधाची वही साडूभाऊंच्या हाती लागली. विषय होता 'माझे आजोबा'. बाईंनी तो निबंध वर्गात फळ्यावर लिहूनच दिला होता. त्या आजोबांना पांढऱ्याशुभ्र मिशा होत्या, ते पहाटे उठून स्तोत्रं म्हणत आणि संध्याकाळी पिंपळाच्या पारावर बसून नातवंडांना गोष्टी सांगत. वर्गातल्या छप्पन्न मुलींपैकी पंचावन्न जणींनी हे आजोबा जसेच्या तसे उतरवून घेतले. शुभदाने घेतले नाहीत. तिचे खरे आजोबा, म्हणजे साडूभाऊंचे वडील, वर्षापूर्वीच वारले होते. मालवणकडून येऊन त्यांनी परळच्या गिरणीत साचेखात्यात तीस वर्षं काढली आणि आपले कान तिथेच ठेवून ते मुलुंडला मुलाकडे राहायला आले. शुभदाने लिहिलं होतं, 'माझे आजोबा गोष्टी सांगत नसत. मागाच्या आवाजाने त्यांना ऐकू येत नव्हते, म्हणून ते सारखे ओरडत. ते फार रागीट होते. पण ताटातला माशाचा चांगला तुकडा गुपचूप माझ्या ताटात टाकत आणि वर मलाच म्हणत, गप जेव.' बाईंनी त्यावर पानभर लाल फुली मारून खाली शेरा दिला होता, 'आजोबांविषयी असे लिहू नये. फळ्यावरचे लिहावे.'

ताई सांगतात, ती वही त्यांनी खिडकीशी उजेडात नेऊन पुन्हा वाचली. वडील असे माशाचा तुकडा टाकत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊन बाईंसमोर उभे राहिले. "बाई, छप्पन्न मुलींचे आजोबा एकच कसे? आमच्या कारखान्यात छप्पन्न बोल्टसुद्धा इतके सारखे निघत नाहीत." बाई बिचाऱ्या दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, बोर्डात ह्याला मार्क पडतात. तिचं भलंच बघतेय मी." साडूभाऊंनी आठ दिवसांत दोन्ही मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून आणले. आम्ही सगळे समजवायला गेलो, तर मला म्हणाले, "साडूभाऊ, ज्यांनी माझ्या बापावर फुली मारली त्यांच्या हातात मी माझी पोरं देणार नाही." एवढं बोलून ते नाक शिंकरायला मोरीत गेले. त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा आदर वाटला. भीतीही वाटली, कारण मुलगी दीड वर्षाने दहावीला बसायची होती आणि दहावी हुकली की आमच्याकडे मुलीच्या शिक्षणाचा विषय तिथेच संपत असे.

घरची शाळा कारखान्याच्या पाळीवर चाले. साडूभाऊंची पहिली पाळी असली की शाळा संध्याकाळी, दुसरी पाळी असली की सकाळी, आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात गुरुजी दिवसभर कॉटवर घोरत असल्याने शाळा स्वयंपाकघरात, आवाज न करता. तेव्हा प्रश्न आणि उत्तरं दोन्ही चिठ्ठ्यांवर. "काका, तिसऱ्या पाळीची शाळा एकदम झकास," असं उदयने माझ्या कानात सांगितलं होतं. शिकवण्याचा नियम एकच, पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानायचं नाही, तपासायचं. त्यामुळे धडे पुढे सरकेनात. सकाळी तासभर येणाऱ्या नळाखाली पिंप किती वेळात भरतं, यावर आठवडाभर गणितं चालली आणि तेवढे दिवस ताईंना त्या पिंपातलं पाणी घ्यायला बंदी होती. मीठ घातलेलं पाणी उशिरा उकळतं हे पटेपर्यंत वरणाचं आधण चार वेळा उतरलं. भूगोलासाठी ते मुलांना पवईला घेऊन गेले आणि तलावाचा काठ पावलांनी मोजायला लावला. उदयची एक चप्पल चिखलात गेली, ती अजून तिथेच आहे. इतिहासापाशी मात्र सगळी पंचाईत झाली. गेलेल्या माणसांना जाऊन विचारणार कसं? शेवटी त्या अख्ख्या पुस्तकावर त्यांनी लाल गोल काढला आणि शुभदाला म्हणाले, "हे मार्कांपुरतं लिही. मनाला लावून घेऊ नकोस."

ते जगावर संशय घेत होते, तशी त्यांची बिल्डिंग त्यांच्यावर घेत होती. दोन धडधाकट मुलं भर अकरा वाजता घरात दिसतात म्हणजे काहीतरी भानगड असणारच. पोराने शाळेत चोरी केली असं तळमजल्याचं मत होतं. वरच्या मजल्याचा संशय मुलीवर होता आणि त्याबद्दल जिन्यात बायका दबक्या आवाजात बोलत. ताई आल्या की बोलणं थांबे. शेजारच्या वहिनी वाटीभर डाळीच्या पिठाच्या निमित्ताने दिवसातून तीनदा डोकावत. "शुभदा अजून बरी नाही वाटतं?" ताई नुसत्या हसत आणि दार लावून घेतल्यावर रडत. साडूभाऊंना वेगळीच धास्ती. कुणीतरी तक्रार करणार आणि सरकारचा माणूस चौकशीला येणार. म्हणून त्यांनी मुलांना पढवून ठेवलं होतं, "कुणी विचारलं शाळेत का नाही, तर सांगायचं, ताप आहे."

आणि एके दिवशी सरकारचा माणूस खरंच आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, हातात वही. साडूभाऊंची दुसरी पाळी होती, शाळा भरलेली. ते पुस्तकं गादीखाली ढकलून स्वतः दारात गेले. त्या माणसाने विचारलं, "घरात माणसं किती?" "चार." "मुलं घरीच?" साडूभाऊंनी डोळा बारीक केला. "का? ताप आहे त्यांना." त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "दोघांना? थंडी वाजून येतो?" आतून उदय इमानदारीने कण्हत म्हणाला, "खूप वाजते." तो माणूस मलेरिया खात्याचा होता. सकाळपासून चार बिल्डिंगी चढून त्याला एकही ताप मिळालेला नव्हता. त्याने लगबगीने पिशवी उघडली, दोन्ही मुलांच्या बोटांना सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, कडूजहर गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या आणि जाताना दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून सही करून गेला. साडूभाऊंना तोंड उघडायची सोय नव्हती. ताप नाही म्हणावं तर शाळेचा प्रश्न उभा. उदय थुंकत म्हणाला, "बाबा, वाट लागली ना आमची!" शुभदा मात्र बोटाला कापूस धरून बापाकडे टक लावून बघत राहिली. माझा असा तर्क आहे की त्या दिवसापासून तिने बापालाही तपासायला सुरुवात केली.

शाळेबाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे. तो ठरलेल्या शाळेत नेऊन द्यायचा, सोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला. साडूभाऊंनी फॉर्म भिंग लावून वाचला आणि 'मूळ दाखला जोडावा' या ओळीवर लाल गोल काढला. खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी साफ सांगितलं, "नक्कल घ्या. मूळ कागद मी कुणाच्या हातात देत नाही. तुमच्याकडून हरवला तर?" कारकून म्हणाला, "मग फॉर्म घरी घेऊन जा." हा खेळ तीनदा झाला. शेवटच्या दिवशी ताईंनी मला निरोप धाडला. मी रजा टाकून गेलो तेव्हा साडूभाऊ पहिल्या पाळीला गेलेले होते आणि शुभदा वेणी घालून, चप्पल पायात घालून तयार उभी होती. बापाच्या ट्रंकेतून दाखला तिने आधीच काढलेला होता. "काका, तुम्ही नुसते सोबत चला. बोलेन मी." खिडकीशी जाऊन तिने कागद दिला, पोचपावती मागितली, त्यावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि शिक्का पुसट आहे म्हणून दुसरा मारून घेतला. कारकुनाने वैतागून माझ्याकडे पाहिलं. मी पाहत राहिलो, ही पोरगी कुणाची ते विचारायची गरजच नव्हती. संध्याकाळी बापासमोर तिने ती पोचपावती ठेवली. साडूभाऊंनी ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि ट्रंकेत टाकली.

मराठीच्या पेपराला मी आणि ते परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर उभे होतो. शुभदा बाहेर आली तशी त्यांनी आधी प्रश्नपत्रिका मागून घेतली. निबंधाला 'माझी आवडती व्यक्ती' आला होता. "कोणावर लिहिलंस?" "आजोबांवर." घसा खाकरून त्यांनी विचारलं, "कुठल्या?" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आपल्या." साडूभाऊंनी त्या दिवशी आम्हा दोघांना रस्त्यावरच्या गाडीवर उसाचा रस पाजला. पेला धुतलाय का ते विचारलं नाही, बर्फ कुठल्या पाण्याचा तेही विचारलं नाही. शुभदा पहिल्या वर्गात पास झाली आणि मराठीत तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले. त्यानंतर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत ते मला कोपऱ्यात घेऊन सांगत, "बघा साडूभाऊ, बोर्डात आमच्या म्हाताऱ्याला मार्क पडले. बाईंनी फुली मारली होती." उदयला त्यांनी पुढच्याच जूनमध्ये पुन्हा शाळेत घातलं. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याचं काय ते त्या शाळेलाच तपासू दे."

खरी गोष्ट शुभदाने मला तिच्या लग्नानंतर सांगितली. तिने फळ्यावरचे आजोबा लिहिले होते. पांढऱ्या मिशा, स्तोत्रं, पिंपळाचा पार, सगळं शब्दाला शब्द. "मी काय करणार होते, काका? माझी दहावी होती ती. आमच्या आजोबांना परत फुली मिळाली असती तर बाबांना सोसलं नसतं." हे बोलताना तिचे डोळे भरले. मी हे कुणालाही सांगायचं नाही असं वचन दिलं आणि पुढे लग्नामुंजीतल्या त्या कोपऱ्यात साडूभाऊंचं बोलणं ऐकून मान डोलवत राहिलो. मनात म्हणायचो, एवढा संशयी माणूस, आणि एवढ्या एका ठिकाणी कसा फसला!

साडूभाऊ गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ताईंनी ती ट्रंक मला आवरायला सांगितली होती. तिच्यात सतरा नंबरच्या फॉर्मची पोचपावती होती, दोन शिक्क्यांची. तिच्याखाली निबंधाची वही होती, बाईंच्या फुलीसकट. आणि वहीत घडी घालून ठेवलेली मराठीची ती प्रश्नपत्रिका. निबंधाच्या प्रश्नाशेजारी शुभदाच्या अक्षरात, विसरू नये म्हणून पेन्सिलीने पुसट लिहिलेलं होतं, 'पांढऱ्या मिशा, पहाट, पार, गोष्टी'. प्रत्येक प्रश्नपत्रिका पेपर झाल्यावर ते तपासत. ही तर त्यांनी फाटकातच तिच्या हातून घेतली होती, रस पिण्याच्याही आधी.

त्या पेन्सिलीच्या ओळीपुढे एक निळी टिक होती.